जपानमधील संग्रहालये पाहण्याची तयारी: सोमवार सगळ्यांना ठाऊक असतो, मंगळवार सांभाळा

जपानला जाण्याच्या तयारीच्या याद्या हव्या तितक्या मिळतात आणि त्यांत पासपोर्ट, व्हिसा, रेल्वेचा पास, औषधे हे सगळे असते, म्हणून त्याबद्दल येथे काहीच लिहीत नाही. ही यादी केवळ संग्रहालये, मंदिरे, राजवाडे आणि बागा नीट पाहून व्हाव्यात यासाठी आहे, आणि ती लिहिण्याचे कारण असे की २०२४ च्या दिवाळीत या बाबतीत मी स्वतः सपशेल तोंडघशी पडले. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. ती आटोपून आम्ही त्याच रात्री मुंबईहून निघालो आणि सोमवारी टोकियोला पोहोचलो. तेथील संग्रहालये सोमवारी बंद असतात हे मला पक्के ठाऊक असल्यामुळे तो दिवस मी मोठ्या हुशारीने विश्रांतीसाठी ठेवला होता. मंगळवारी सकाळी सासूबाईंना घेऊन ज्या संग्रहालयाच्या दारात उभी राहिले, त्याच्या फाटकाला आडवी साखळी लावलेली होती आणि साखळीवर एक छोटी पांढरी पाटी लटकत होती. फोनचा कॅमेरा पाटीवर धरला तेव्हा पडद्यावर उमटले, ‘आज बंद’.

झाले होते ते असे. ३ नोव्हेंबर हा जपानमधील संस्कृती दिन. तो रविवारी आला की त्याची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून सोमवारी बदली सुट्टी देतात. सुट्टीच्या दिवशी लोक बाहेर पडणार, म्हणून एरवी सोमवारी बंद असणारी संग्रहालये त्या सोमवारी मुद्दाम उघडी राहतात, आणि हुकलेली साप्ताहिक सुट्टी मंगळवारी घेतात. म्हणजे ज्या सोमवारी मी हॉटेलात पाय पसरून पडले होते, नेमक्या त्याच सोमवारी ते दार उघडे होते. सासूबाई फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर बसल्या, पिशवीतून चकल्यांचा डबा काढला आणि म्हणाल्या, “आपला न्हावी बरा गं. सोमवारी सण आला तर दुकान उघडतो, पण म्हणून मंगळवारी कुलूप लावत नाही.”

तेव्हा तयारीतील पहिले काम हेच, आणि वेळ कमी असेल तर बाकीची सगळी कामे सोडून एवढे तरी कराच: जाण्याच्या तारखा हाती आल्या की त्या तारखांच्या आसपास जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे का, हे पाहावे. भिंतीवरच्या कालनिर्णयात या सुट्ट्या नसतात, त्यामुळे त्या स्वतःच्या हाताने लाल शाईने त्यावर लिहून ठेवाव्यात. चार सुट्ट्या तर कायद्यानेच सोमवारी आणून बसवलेल्या आहेत: जानेवारीचा दुसरा सोमवार, जुलैचा तिसरा, सप्टेंबरचा तिसरा आणि ऑक्टोबरचा दुसरा. या चार सोमवारांनंतरचा मंगळवार आधीच धोक्याचा समजून चालावे. शिवाय इतर कोणतीही सुट्टी रविवारी आली की तिचा सोमवार होतो आणि मग पुन्हा मंगळवार. आपल्याकडचे बहुतेक लोक शाळेच्या सुट्टीत जातात आणि मे महिन्यात तर ३, ४ आणि ५ तारखेला सलग सुट्ट्या असतात. त्यांपैकी एखादी रविवारी आली तर ६ तारखेलाही सुट्टी मिळते, म्हणजे बंद राहण्याचा दिवस आणखी पुढे सरकतो. २०२६ च्या सप्टेंबरात सोमवार २१ पासून बुधवार २३ पर्यंत तिन्ही दिवस सुट्टीचे आहेत. अशा वेळी काही ठिकाणे गुरुवारी बंद राहतात आणि काही आपला वेगळाच दिवस ठरवतात. म्हणून ‘सोमवारी बंद’ हा नियम पाठ करून उपयोग नाही. ज्या तारखेला जायचे त्या तारखेचा चौकोन त्या त्या संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत उघडून पाहावा. बंद दिवसाला जपानीत ‘क्यूकान्बी’ म्हणतात, तेवढा शब्द ओळखता आला तरी पुरे. फोनवरच्या नकाशात ‘उघडे’ लिहिलेले आहे यावर विसंबू नये. माझ्या नकाशातही त्या सकाळी तसेच लिहिलेले होते.

सोमवारऐवजी मंगळवारीच बंद असणारी ठिकाणेही आहेत, आणि त्यांची यादी जवळ असली की अडलेला दिवस सावरता येतो. टोकियोत रोप्पोंगी भागातील नॅशनल आर्ट सेंटर मंगळवारी बंद असते, म्हणून सोमवारी तेथे जावे. मात्र त्याचा स्वतःचा कायमचा संग्रह नाही, त्यामुळे त्या दिवसांत कोणते प्रदर्शन लागले आहे ते आधी पाहावे. मिताका येथील घिब्ली या ॲनिमेशनपट स्टुडिओचे संग्रहालयही मंगळवारीच बंद. टोकियोतील सम्राटांच्या राजवाड्याची पूर्वेकडील बाग सोमवारी आणि शुक्रवारी अशी दोन दिवस बंद असते. क्योतोच्या निजो किल्ल्यातील निनोमारू महाल जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबर या चार महिन्यांत मंगळवारी बंद असतो. किल्ला उघडा असतो, तिकीट मिळते, आणि ज्यासाठी गेलो त्या चालताना पक्ष्यांसारखा आवाज करणाऱ्या फळ्यांवर मात्र पाऊल ठेवता येत नाही. तिकडे शिमाने प्रांतातील आदाची संग्रहालय, ज्याची बाग खिडकीच्या चौकटीतून चित्रासारखी पाहायची असते, ते वर्षाचे सर्व दिवस उघडे असते. मोठ्या मंदिरांना असा वार नसतो. क्योतोचे किन्काकुजी, नाराचे तोदाइजी रोजच उघडी असतात, त्यामुळे सोमवार आणि शंकेचा मंगळवार मंदिरांना द्यावा आणि संग्रहालये बुधवारनंतर घालावीत. ही साधी मांडणी मी आधी केली असती तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

बंद असण्याचा आणखी एक प्रकार आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. रेशमावरची आणि कागदावरची चित्रे उजेडाने विटतात, म्हणून जपानमध्ये ती वर्षातून मोजके दिवसच बाहेर काढतात आणि नंतर पुन्हा अंधारात ठेवून देतात. राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेल्या अशा चित्रांसाठी वर्षाला साधारण साठ दिवसांची मर्यादा पाळली जाते. म्हणून एखादे चित्र ‘त्या संग्रहालयात आहे’ म्हणजे ते भिंतीवर लागलेले आहे असे नव्हे. टोकियोच्या नेझू संग्रहालयात चित्रकार कोरिनचे सोनेरी पार्श्वभूमीवरील निळ्या आयरिस फुलांचे घडीचे चित्रपडदे आहेत. ते सहसा एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, बागेत तीच फुले उमललेली असताना लावतात. दिवाळीत गेलेल्या माणसाला ते दिसण्याची आशा नाही. मोठ्या प्रदर्शनांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग असतात आणि मध्येच चित्रे बदलतात, त्यामुळे जाहिरातीतले चित्र कोणत्या भागात आहे ते तपासावे. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात काही संग्रहालये पुरतीच बंद असतात, आठवडा-आठवडा. तेथे सोमवार-मंगळवारचा प्रश्नच उरत नाही, पण दिनदर्शिका पाहणाऱ्याला हेही त्याच पानावर कळते. पुन्हा सांगते, त्याच पानावर.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एवढेच: २८ डिसेंबरच्या सुमारास एकेक करून संग्रहालये बंद होतात आणि नव्या वर्षात दोन-तीन दिवसांनी उघडतात. उएनोतील टोकियो राष्ट्रीय संग्रहालय सहसा २ जानेवारीला उघडते.

आता तिकिटांविषयी. बहुतेक ठिकाणी दारात तिकीट मिळते, त्याची चिंता करू नये. जेथे मिळत नाही तेथे मात्र मुळीच मिळत नाही, आणि विनंत्या करून काही होत नाही. घिब्ली संग्रहालयाची पुढच्या महिन्याची तिकिटे दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या वेळेनुसार सकाळी दहा वाजता विक्रीला येतात, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. चहा आधी करून ठेवावा आणि सव्वासहालाच संगणकापुढे बसावे. नाओशिमा बेटावरील चिचू कला संग्रहालय, जे तादाओ आंदो यांनी जमिनीच्या पोटात बांधले आणि ज्यात मोने यांची कमळांची पाच चित्रे केवळ दिवसाच्या उजेडात पाहायला मिळतात, तेही वेळ ठरवून घेतलेल्या तिकिटावर पाहावे. ते सोमवारी बंद असते, आणि सोमवारी सुट्टी असेल तर कधी बंद असते हे आता वाचकाला सांगायला नको. बेटापर्यंत गाडी, बस आणि बोट असा प्रवास करून बंद दारापुढे उभे राहणे हे शहरातल्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

दिवाळीच्या आसपास जाणाऱ्या मराठी माणसाने नाराचे शोसोइन प्रदर्शन अवश्य गाठावे. सम्राट शोमू यांच्या वापरातील वस्तू त्यांच्या पत्नीने ७५६ साली तोदाइजीला अर्पण केल्या आणि तो ठेवा शोसोइन नावाच्या लाकडी भांडारात टिकून राहिला. सुमारे नऊ हजार वस्तूंपैकी दरवर्षी साठेक वस्तू ऑक्टोबरच्या अखेरीपासून सतरा-अठरा दिवस नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. तेथेच पाच तारांची ती शिसवी बिवा (वीणेसारखे एक तंतुवाद्य) जपलेली आहे, जिच्या घडणीचे मूळ भारतात मानले जाते. मात्र ती दरवर्षी बाहेर काढत नाहीत, म्हणून केवळ तिच्यासाठी जाऊ नये. तिकीट दिवस आणि वेळ ठरवून आधीच घ्यावे लागते.

क्योतोत सान्जूसान्गेन्दो हे मंदिर चुकवू नये. कान्नोन म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १,००१ मूर्तींपुढे २८ रक्षक देवता उभ्या आहेत आणि त्यांत आपले ओळखीचे देव निघतात. सासूबाईंनी मला थांबवून एका मूर्तीकडे बोट दाखवले, माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिले आणि बराच वेळ तेथून हलल्या नाहीत. आत छायाचित्र काढता येत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि ते बरेच आहे. जाण्यापूर्वी इंद्राचे जपानी नाव ताइशाकुतेन, ब्रह्मदेवाचे बोन्तेन आणि सरस्वतीचे बेन्झाइतेन एवढे तरी वहीत लिहून घ्यावे, कारण पाट्यांवर ही नावे सतत भेटतात. कोयासानला जाणार असाल तर तेथील विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली उभारलेला बाबासाहेबांचा पुतळाही पाहून यावा.

वेळेच्या बाबतीत एकच ध्यानात ठेवावे: बंद होण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश थांबतो आणि पाच वाजता म्हणजे पाच वाजता. ‘पाच मिनिटांत बघून येतो’ हे तेथे चालत नाही. मंदिरे साडेचार-पाचला मिटतात, हिवाळ्यात काही त्याहूनही लवकर. म्हणून सकाळ मंदिराला आणि संध्याकाळ संग्रहालयाला द्यावी, कारण काही मोठी संग्रहालये आठवड्यातून एक-दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडी असतात आणि तेव्हा गर्दीही ओसरलेली असते.

सोबत नेण्याच्या वस्तू थोडक्यात. शंभर येनची चार-पाच नाणी वेगळी ठेवावीत. संग्रहालयातील लॉकरला ती लागतात आणि किल्ली फिरवून सामान काढले की नाणे परत मिळते. ते खणातून उचलायला विसरू नये, मी दोनदा विसरले. लहान मंदिरांत कार्ड चालेलच असे नाही, रोख ठेवावी. टिपणे काढायची असतील तर पेन्सिल न्यावी, कारण दालनात शाईचे पेन काढले की कोणीतरी अत्यंत नम्रपणे येऊन ते मिटायला लावते. पाठीवरची सॅक पुढे घ्यावी. चांगले मोजे घालावेत, जोडे वारंवार काढावे लागतात आणि हिवाळ्यात लाकडी जमीन पायांना झोंबते. छायाचित्राची मुभा प्रत्येक दालनात निराळी असते, पाटी पाहावी. भाषांतरासाठी पाटीवर फोन धरायचा असेल तर आधी रखवालदाराला खुणेने विचारावे. खाणे दालनात नाही, बाहेर बाकावर. शाकाहाऱ्यांनी उपाहारगृहातील सुपावर भरवसा ठेवू नये, बहुधा त्यात माशाचा अर्क असतो. फराळाचा डबा असला की निभावते.

पाऊस असेल तर दारातच छत्र्यांचा स्टँड असतो, प्रत्येक खोबणीला आकड्याचे छोटे कुलूप. छत्री अडकवून किल्ली खिशात टाकावी आणि आकडा लक्षात ठेवावा. टोकियोतील बऱ्याच संग्रहालयांसाठी एकत्रित पास मिळतो, चार-पाच ठिकाणे होणार असतील तरच घ्यावा. सामान पुढच्या हॉटेलात आधीच पाठवून द्यावे, मोठी बॅग घेऊन संग्रहालयात जाऊ नये. आणि निघण्याच्या आदल्या रात्री, सगळ्या बॅगा भरून झाल्यावर, पुन्हा एकदा तो मंगळवार तपासावा.