हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी चढावर गाडी सरकायची, असा केला टाइट

आमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, मागे डिस्क असेल तर पद्धत थोडी वेगळी असते. लिव्हर दहा-बारा क्लिक वर यायचा, साधारण ५ ते ७ ला पकडायला पाहिजे (नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा). सगळे आधी लिव्हरखालचा केबलचा नट आवळायला सांगतात पण ते उलटं आहे, कारण बऱ्याचदा केबल ताणून लांब झालेली नसतेच, ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात आणि ड्रममधला सेल्फ अॅडजस्टर (शू झिजले की ते अंतर आपोआप भरून काढणारा भाग) गंजून जाम झालेला असतो.

पुढच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावली, हँडब्रेक खाली, गिअर न्यूट्रल, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवर अजिबात नको). ड्रम काढले तर डाव्या बाजूचा अॅडजस्टर हलतच नव्हता, साफ करून थ्रेडला थोडं ग्रीस लावलं, शूच्या लायनिंगला (घासणाऱ्या पट्टीला) ग्रीस लागू द्यायचं नाही हां, आणि ड्रम परत बसवल्यावर चाक फिरवताना हलकी घासणी ऐकू येईल इतपत शू बाहेर आणले. मग ब्रेक पेडल चार-पाचदा दाबलं म्हणजे शू मधोमध बसतात.

एवढ्यानेच निम्मं काम झालं! उरलेला ढिलेपणा लिव्हरजवळच्या कन्सोलखालच्या त्याच केबलच्या नटने काढला, अर्धा-अर्धा फेरा देत. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरलीच पाहिजेत, नाहीतर ड्रम तापतो आणि मायलेज पण जातं. आता सहाव्या क्लिकला दोन्ही चाकं सारखी लॉक होतात.