फरसाण पूर्ण बंद, गोड मोजून, मला हेच जमलं

वजन कमी करताना सगळे सांगायचे, सगळं खा पण थोडं थोडं खा, आणि मी ते अगदी मनापासून केलं, वाटीत चार चमचे फरसाण काढायचं, डब्याचं झाकण घट्ट लावायचं आणि दहा मिनिटांत परत डब्यापाशी, शेवटी तळाचा चुरा बोटाने टिपून खाताना रडू यायचं. मीठ, तेल, कुरकुरीतपणा एकत्र आलं की मला थांबताच येत नाही. त्यात तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेच्या 4.

मग फरसाण घरात आणणंच बंद केलं. पहिले पंधरा दिवस संध्याकाळच्या चहाला फार जड गेले, तेव्हा भाजलेले चणे घेऊन बसायचे, नंतर आठवण कमी झाली. गोडाचं मात्र माझं वेगळं आहे, एक पेढा सावकाश खाल्ला की मन भरतं, म्हणून तो रविवारी जेवणानंतर चालू ठेवला. नवऱ्याचं नेमकं उलटं, त्याला जिलबी दिसली की संपलं, म्हणून त्याने गोड सोडलंय.

7 महिन्यांत माझं 6 किलो उतरलंय. दिवाळीचा चिवडा यंदा जावेकडे करायचा ठरलाय, डबा तिच्याकडेच राहणार.