लेकराला खोकला, छातीत घरघर: घरी काळजी कशी घ्यायची आणि श्वास कसा मोजायचा

नागपुरात डिसेंबरची थंडी पडली की आमच्या वॉर्डात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "सिस्टर, याची पसली चालून राहिली." मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि प्रत्येक आईला पहिले हेच सांगते की खोकला किती येतो ते नंतर पाहू, आधी श्वास पहा. खोकल्यानं लेकरू दमतं, घरचे रात्रभर जागतात, पण धोका कळतो तो श्वासावरून. आणि तो घरी कोणालाही मोजता येतो, मोबाईलमधलं घड्याळ पुरे आहे.

पायरी १: श्वास मोजा

लेकरू शांत असताना किंवा झोपेत मोजायचं, रडत असेल, दूध पीत असेल तेव्हा मोजून उपयोग नाही कारण आकडा वाढतोच. लाईट लावा, स्वेटर-बनियन वर करा आणि पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा, बरेच जण १५ सेकंद मोजून चारनं गुणतात ते करू नका, तान्ही बाळं मधेच भरभर आणि मधेच हळू श्वास घेतात, हिशोब चुकतो.

२ महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त आला तर तो वेगवान श्वास. एकदा जास्त आला तर थोडं थांबून परत मोजा, दुसऱ्यांदाही तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. २ महिन्यांच्या आतलं असेल तर थेट हॉस्पिटल.

आता बरगड्यांच्या खाली बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात असेल तर ती पसली चालणं, यात उद्याची वाट पाहायची नसते. वेळ आणि आकडा कागदावर लिहून ठेवत जा, "सकाळी ८ ला ३८, दुपारी २ ला ४६" असं कोणी सांगितलं की डॉक्टरला लेकरू कुठल्या दिशेनं चाललंय ते लगेच कळतं.

पायरी २: नाक मोकळं करा

तान्ह्या बाळाला तोंडानं श्वास घ्यायची सवय नसते, म्हणून नाक चोंदलं की ते दूध सोडतं आणि चिडचिड करतं. मेडिकल स्टोअरमध्ये साधे मिठाच्या पाण्याचे सलाईन नेझल ड्रॉप्स मिळतात, पाजायच्या थोडं आधी प्रत्येक नाकपुडीत २-३ थेंब टाका, मग मऊ कापडानं पुसून घ्या. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. कापूर किंवा कापराचं मलम लहान बाळाला लावू नका, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लेकराला धरून वाफ देणं तर नकोच, त्याचा फायदा फारसा नाही आणि भाजण्याचा धोका खरा आहे. आणि पोटावर गरम विळ्याचे चटके द्यायला कोणी म्हणत असेल तर, घरातलं कितीही मोठं माणूस असो, हात जोडून नाही म्हणा.

पायरी ३: थोडं थोडं पण वारंवार पाजा

अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध चालूच ठेवायचं, एका वेळी कमी घेतलं तर लवकर लवकर पाजा. मोठ्याला कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज, मऊ वरणभात. संत्र्यानं कफ वाढतो म्हणून आपल्याकडे संत्री बंद करतात, पण लेकरू आवडीनं खात असेल तर खाऊ द्या. लघवीवर लक्ष ठेवा, नेहमीच्या निम्म्याहून कमी वेळा होत असेल तर पाणी कमी पडून राहिलं.

१ वर्षाच्या वर असेल तर रात्री अर्धा चमचा मध द्या, खोकला थोडा बसतो. १ वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

पायरी ४: औषध

यावर मला जास्त बोलायचंय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या फेल होऊन आपल्या नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये आली, त्यातली कितीतरी वाचली नाहीत, आणि कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. सुरुवातीला साधा सर्दी-तापच होता. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की २ वर्षांच्या आत खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत, ५ वर्षांच्या आतही सहसा नकोत. बहुतेक खोकला व्हायरसचा असतो, २-३ आठवडे रेंगाळू शकतो आणि आपोआप जातो, त्यासाठी शेजारच्या मुलाची बाटली आणू नका, मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान ४ ते ६ तास. बाटली वाचा. ड्रॉप्स बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, सिरप ५ मिलीत १२० किंवा २५०, म्हणजे ड्रॉप्स सिरपच्या मापानं दिले तर डोस कितीतरी पट होतो. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मनानं औषध न देता डॉक्टरकडे न्या.

डॉक्टरांनी पंप, म्हणजे औषध श्वासातून आत ओढायचा इन्हेलर, दिला असेल तर सवय लागते या भीतीनं टाळू नका. पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि मास्कच्या मधली प्लास्टिकची नळी) लावा, मास्क नाका-तोंडावर फट न ठेवता बसवा, एकच पफ दाबा आणि ५ ते १० श्वास घेऊ द्या. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप परत हलवून. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, लहान असेल तर तोंड पुसा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून निथळत ठेवा, कापडानं आतून पुसू नका, औषध भिंतीला चिकटतं.

पायरी ५: घरातली हवा

लेकराच्या खोलीत अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, बिडी-सिगरेट काहीच नको, बाहेर ओढून आलेल्यानंही लगेच कडेवर घेऊ नये. थंडीत सगळी दारं-खिडक्या बंद करून शेगडी पेटवणं तर जिवावर बेततं. उन्हाळ्यात कूलर लागतोच, ४५ डिग्रीत दुसरा इलाज काय, पण झोत अंगावर नको, टाकीतलं पाणी बदलत रहा आणि वाळ्याच्या ताट्यांना कुबट वास येत असेल तर नव्या लावा.

कधी निघायचं

लेकरू काहीच पीत नाही, सगळं उलटतं, झटका आला, उठवलं तरी नीट उठत नाही, ओठ-जीभ निळी पडली, प्रत्येक श्वासाला कण्हतंय किंवा बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ९० च्या खाली दाखवतोय, यातलं एक जरी असेल तरी १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा, नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल ते. रस्त्यात लेकराला मांडीवर थोडं उभं धरा, तोंड झाकू नका, जबरदस्तीनं काही पाजू नका. लसीकरणाचं कार्ड, आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि तो श्वासांचा कागद पिशवीत टाका, कॅज्युअल्टीत पहिले हेच विचारतात.