व्हेअरफोर म्हणजे ‘कुठे’ नव्हे: या चुका टाळा

गॅदरिंगमधली ज्युलिएट हमखास कपाळावर हात आडवा धरते, अंधारात इकडेतिकडे बघते आणि म्हणते, ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ, रोमिओ?’ जणू रोमिओ जत्रेत हरवलाय! शेक्सपिअरच्या नाटकात तो खाली बागेतच उभा राहून ऐकत असतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. ती त्याला शोधतच नाहीये.

‘व्हेअर’ दिसलं की आपण ‘कुठे’ म्हणून मोकळे होतो, तिथेच घसरतो. शब्दाची फोड ‘कशा’ अधिक ‘साठी’ अशी आहे. याचा सख्खा भाऊ देअरफोर आपण रोज वापरतो. त्याचा अर्थ ‘तिथे’ असा करतो का कधी?

म्हणजे ज्युलिएट विचारते, ‘रोमिओ, तू रोमिओ का आहेस?’ वैरी माँटेग्यू घराण्यातलाच का? लगेच पुढे ती त्याला बाप नाकारायला, नाव टाकायला सांगते. आपण ऊठसूट म्हणतो ते ‘नावात काय आहे?’ याच भाषणात काही ओळींनंतर येतं. ते पाठ आणि हे चुकीचं, ही गंमतच.

स्वल्पविरामही सांभाळा. ‘दाऊ’नंतर तो टाकला की रोमिओ नुसती हाक होते आणि उरतं, ‘तू का आहेस?’ बोलतानाही जोर शेवटच्या ‘रोमिओ’वर हवा, कारण तक्रार नावाबद्दल आहे. ‘आर्ट’ म्हणजे इथे कला नाही, हे सांगायला नकोच. ‘दाऊ आर्ट’ म्हणजे तू आहेस.

आता सगळीकडे ‘का’ही लावू नका. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हेअरफोर बाय देअर फ्रूट्स यी शॅल नो देम’ असं वाक्य आहे. तिथे प्रश्न नाही, विधान आहे, अर्थ ‘म्हणून’: ‘म्हणून त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल.’ अमेरिकी कोर्टातल्या अर्जांत शेवटची मागणी याच ‘म्हणून’ने सुरू झालेली दिसते. ‘व्हाइज अँड व्हेअरफोर्स’ या जोडीत मात्र तो नाम बनतो: सगळी कारणं. ऑफिसच्या मेलमध्ये भाव खाण्यासाठी तो वापरू नये, सरळ ‘व्हाय’ लिहावं.

व्हेन्स आणि व्हिदर यांचाही असाच गोंधळ होतो, पण मराठी माणसाला तो सोडवणं सोपं. इथून, तिथून, कुठून म्हणजे हेन्स, देन्स, व्हेन्स. इकडे, तिकडे, कुणीकडे म्हणजे हिदर, दिदर, व्हिदर. व्हेन्समध्येच ‘कुठून’मधला ‘-ऊन’ प्रत्यय आलेला असल्याने ‘फ्रॉम व्हेन्स’ म्हणजे ‘कुठूनहून’. बायबलमध्येही ते सापडतं, त्यामुळे मी त्याला चूक म्हणणार नाही. परीक्षेत मात्र ‘फ्रॉम’ गाळलेला बरा.