शुभेच्छापत्रासाठी खडबडीत पार्श्वभूमी

थेट कार्डावर काम करू नका. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदाचा १० × १४ सेंमीचा तुकडा घ्या, काम झाल्यावर तो ए-६ आकाराच्या कार्डावर चिकटवा. बिघडला तर तुकडाच जातो. असा कागद पुण्यात अप्पा बळवंत चौकात सुटाही मिळतो. तुकडा चारी बाजूंनी मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर पक्का करा. एकाच बाजूने ओल लागली की तंतू फुगतात आणि कागद वळतो.

जुन्या वर्तमानपत्राचे कपटे हातानेच फाडा, कात्रीची सरळ कड डोळ्यांत खुपते. ते चिकटवून वर जेसोचा (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तर-रंग) पातळ हात द्या.

आता पेस्ट. पांढरा ॲक्रिलिक २ चमचे, फेव्हिकॉल १ चमचा, टाल्कम पावडर साधारण ३ चमचे. चमच्यावरून घसरू नये, श्रीखंडासारखी हवी. पातळ झाली तर स्टेन्सिलखाली (नक्षी कापलेला साचा) शिरते, पावडर जास्त झाली तर वाळताना तडे जातात. स्टेन्सिल तुकड्यावर ठेवून त्यावरून जुन्या एटीएम कार्डाने १ मिमी थर ओढा, स्टेन्सिल सरळ वर उचला आणि लगेच धुवा.

रात्रभर वाळू द्या. पुण्याच्या पावसाळ्यात दुसरा दिवसही लागतो. ड्रायर जवळ धरलात तर बुडबुडे येतात.

मग पातळ रंग फिरवून ओल्या फडक्याने हलकेच टिपा. खाचांत रंग उरतो, उंचवटे उजळतात. घासू मात्र नका, फेव्हिकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर सोनेरी.

कार्डं एकावर एक ठेवताना मध्ये बटर पेपर घाला.