सातारा-महाबळेश्वर-वाई सायकल ग्रुप राइड: आम्ही केलेल्या या चुका टाळा

सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत सातारा. लूप साधारण १२० किलोमीटरचा होतो. चार दिवसांच्या टूरमधला हा आमचा दुसरा दिवस, आणि निम्म्या लोकांची वाट लागली ती घाटात नाही, मेढ्याच्या अलीकडंच. फक्त कळलं केळघरला.

म्हणजे कसं, मेढ्यापर्यंत रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातनं जातो, सकाळची गार हवा, पाय फ्रेश, पुढचा जोरात मारतोय म्हटल्यावर मागचा पण मारणारच, असं करत सगळे २८-३० च्या स्पीडला. खरा चढ केळघरनंतर आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पण. शेजारच्याशी एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं तर स्पीड बरोबर, दोन शब्दांत धाप लागली तर तुम्ही घाटासाठीचे पाय आत्ताच खर्च करताय. घाटात हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाका. चढावर जोर लावून गिअर बदलला की चेन करकर करणार, एखादवेळी उतरणार पण.

खाण्याचं सांगतो. साताऱ्यात नाश्त्याला तर्रीवाली मिसळ हाणली, चूक नंबर एक, घाटात ती घशाशी आली. पोहे-उपीट बरं. नंतर भूक लागली की खाऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो, दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे, केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला असतं, आमच्यातल्या एकानं अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं आणि वर म्हणतो जास्त एनर्जी मिळंल. मळमळ मिळाली.

आता पंक्चर, कारण यात आमचा पाऊण तास गेला. केळघरच्या अलीकडं एकाचं मागचं चाक बसलं, फटाफट नवीन ट्यूब टाकली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत फुस्स. बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला! बाहेरनं दिसत नव्हता, आतनं अंगठा फिरवल्यावर टोचला, बारीक काळं टोक, नखानं निघेना, शेवटी मल्टीटूलच्या पक्कडीनं ओढला. म्हणून ट्यूब काढली की आधी ती फुगवून भोक शोधा, आणि टायर बसवताना त्यावरचं नाव कायम वॉल्व्हपाशीच आणा, म्हणजे भोकाच्या जागेवरनं काटा टायरमध्ये कुठं असंल ते लगेच कळतं. त्यात सगळ्यांच्या सायकली वेगळ्या, कुणाचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह, कुणाचा मोटरसायकलसारखा श्रेडर. दुसरी ट्यूब मागितली तर पुढं आली २६ इंची, चाक ७०० चं, म्हणजे त्याहून मोठं. पंप दोन्ही वॉल्व्हचा हवा आणि ट्यूब ज्याची त्यानं आपल्या साइजची ठेवायची, "ग्रुपमध्ये असंल कुणाकडंतरी" हे चालत नाही राव.

अजून एक, हे फार कुणी बोलत नाही. पुढचे घाटात वर पोचले, वीस मिनिटं चहा पीत बसले, शेवटचा गडी घामेघूम आला आणि हे लगेच "चला चला" म्हणत उठले. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळाली नाही, आणि तो बिचारा लाजून काही बोलला पण नाही. शेवटचा आल्यावर घड्याळ लावा, दहा मिनिटं त्याची. आणि त्याच्या मागं एक जण स्वीप म्हणून ठेवाच, पंप त्याच्याकडं पाहिजे. आमचा पंप सगळ्यात पुढच्याच्या बॅगेत होता, हसा आता.

गुडघा पुढनं दुखायला लागला तर बऱ्याचदा सीट खाली असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे.

पसरणी घाटात उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. पाचगणी ते वाई साडेपाचशे मीटरच्या वर उतार आहे, रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारे, असतील तर ती कड, म्हणजे रिम, भाजण्याइतकी तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मारून स्पीड कमी करा, वळणात सोडा, सरळ रस्त्यावर परत मारा. विंडचीटर वरच घाला, चढताना भिजलेली जर्सी उतारावर गार पडते आणि बोटं आखडली की ब्रेक नीट दाबत नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक घुसवायचं नाही, तो जरा हलला आणि चाकं घासली की आपण आडवे. घाटात तर दोन-तीन सायकलींचं अंतर पण कमीच. हँडलला केळ्याची पिशवी लटकवून कठड्यापाशी फोटोला थांबू नका, माकडं पिशवी नेतात. आमची नेली.

वाईत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि अजून ३५ किलोमीटर बाकी. पाचवडला हायवे लागतो, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, आणि अकरा जणांत टेललाइट चालू होत्या चार. बाकीच्या रात्री चार्जिंगला लावल्या होत्या, बोर्डाचं बटण बंद होतं. मग दिवेवाले दोन पुढं, दोन मागं, सगळे एका लाइनीत, असं करत साताऱ्यात पोचायला साडेसात वाजले.