पाखरांसाठी झाडं लावायचीत? मग बी आपल्याच शिवारातलं गोळा करा

पावसाळा तोंडावर आला की सगळीकडं वृक्षारोपणाची गडबड सुरू होते, टेम्पो भरून रोपं येतात, खड्डे पडतात, फोटो होतात आणि रोपं बघायला गेलं तर बऱ्याचदा गुलमोहर, गिरीपुष्प, सुबाभूळ नाहीतर निलगिरी. हिरवं दिसतं, सावली पण मिळते, पण हरियालाच्या थव्याला, धनेशाला, तांबटाला त्यातनं खायला काय मिळतं हे कुणी विचारत नाही. आपल्या मातीतली झाडं नर्सरीत कमी मिळतात कारण त्यांचं बी कुणी गोळा करत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. ते काम घरबसल्या करता येतं, पैसे जवळपास लागत नाहीत, लागतो तो हंगामावर डोळा.

पहिलं एक ठरवून घ्या, बी कुठनं घ्यायचं. आपल्याकडं महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला, तिकडं सांगलीत जत-आटपाडीला पाचशेच्या आसपास. त्यामुळं कोयनेच्या बाजूचं बी आणून माणमधल्या म्हसवडच्या माळावर लावून उपयोग नाही, जांभूळ दोन्हीकडं असलं तरी नाही. जिथं लावायचं तिथनं जवळच्या, तशाच मातीतल्या, तशाच पावसातल्या झाडाचं बी घ्या. एकाच झाडाखाली पोतं भरू नका, आठ-दहा वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्या म्हणजे सगळी रोपं एकाच आईची होत नाहीत. आणि झाडाखालचं सगळं झाडून आणू नका, तिथं खाणारे आधीपासून आहेत. रस्त्याकडची झाडं, बांध, ओढ्याचा काठ एवढ्यावर भागतं. कोयना, सागरेश्वर अभयारण्यांत किंवा चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरून काही तोडायचं नाही आणि देवराईतलं बी घ्यायचं तर आधी गावाला विचारायचं.

दुसरं, कुठं लावायचं नाही. हे मी मुद्दाम वर लिहितोय कारण लोक चांगल्या मनानं नुकसान करतात. साताऱ्याजवळचा कासचा सडा, म्हणजे पठार बघा, कातळावर मातीचा पातळ थर, तिथली दुनिया त्या फुलांची आणि गवताची आहे, तिथं झाडं घुसवायची नसतात. तसंच माण-खटावच्या गवताळ माळाचं. माळ उजाड दिसतो पण तिथं लांडगा आहे, खोकड आहे, धाविक, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना मोकळी जागाच लागते. सलग झाडं लावली की हे सगळे तिथनं उठतात. झाडं लावायची ती ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात, गायरानाच्या कडेला, आणि जिथं पूर्वी झाडी होती पण तोडून उघडा पडला अशा डोंगरउतारावर. सांगली जिल्ह्यातला सागरेश्वरचा डोंगर असाच बोडका होता, वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी लोकांना बरोबर घेऊन तो हिरवा केला आणि १९८५ साली अभयारण्य झालं, आता तिथं सांबर-चितळ फिरतात.

आता कुठली झाडं. माझा हिशोब असा की वर्षातल्या प्रत्येक महिन्यात कुणाच्या तरी पोटाला काहीतरी मिळालं पाहिजे. थंडीत बोर, आवळा, बेहडा. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर, यांच्या फुलांवर तर मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे तुटून पडतात. उन्हाळ्यात करवंद, भोकर, शिवण, मग जांभूळ. आणि या सगळ्यांच्या मधली रिकामी जागा भरून काढतात वड, पिंपळ, उंबर, कारण ही झाडं सगळी मिळून एकदम फळत नाहीत, हा वड आज तर तो पुढच्या महिन्यात. फळं नसलेल्या झाडांनाही विसरू नका, बहाव्याच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि पक्षी त्याच अळ्या आपल्या पिल्लांना भरवतात, बाभळीला सुगरणी खोपे बांधतात. जागा एकाच झाडाची असेल तर डोळे झाकून उंबर लावा.

बी कसं रुजवायचं हे झाडागणिक बदलतं आणि इथंच बहुतेकांचं बिनसतं. सगळी बियाणं डब्यात भरून पावसाळ्यापर्यंत ठेवली की निम्मी मेलेली असतात.

जांभूळ, कडुनिंब आणि मोह यांचं बी टिकत नाही. जांभळाचं तर वाळलं की संपलं, पंधरवड्याच्या आत मातीत गेलंच पाहिजे. गर धुवून काढायचा, सावलीत पाणी निथळू द्यायचं आणि लगेच पिशवीत. एका जांभळाच्या बीतनं कधीकधी दोन-तीन कोंब येतात, घाबरू नका, जोमदार एक ठेवा. निंबोळी पिवळी झालेली घ्यायची, हिरवी नाही आणि झाडाखाली काळी पडलेली पण नाही, साल काढून धुवून दोन-तीन आठवड्यात लावून टाकायची. पळस आणि करंज एकदम सरळ, काही करायला लागत नाही, करंजाची शेंग फोडून बी रात्रभर भिजवलं तरी पुष्कळ. काटेसावरीची बोंडं मात्र फुटायच्या आधी उतरवा, तपकिरी व्हायला लागली की, नाहीतर कापूस बी घेऊन उडून जातो.

बहावा आणि बाभूळ यांचं कवच दगडासारखं. नुसतं पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहील. थोडं बी असेल तर नेलकटर घ्या आणि कडेला एक बारीक टवका काढा, आतला पांढुरका गर जेमतेम दिसला पाहिजे, त्याच्या खाली जायचं नाही आणि जिथनं कोंब येतो त्या टोकाला हात लावायचा नाही. मग पाण्यात टाका, दुसऱ्या दिवशी बी फुगून दुप्पट झालेलं दिसतं, तेवढंच पेरा. जास्त बी असेल तर पाणी उकळून चुलीवरनं खाली उतरवा, मग त्यात बी टाका आणि त्याच पाण्यात दिवसभर गार होऊ द्या. चुलीवर ठेवून बी शिजवायचं नाही. न फुगलेलं परत एकदा तसंच. खैराचं बी नाजूक असतं, त्याला गरम पाणी नको, साधं पाणी बास.

बाभळीसाठी तर याहून सोपा उपाय धनगरांच्या वाड्यावर पडलेला असतो. मेंढ्या-शेळ्या उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना कडक बी तोंडातनं बाहेर टाकतात, सकाळी वाडा हलला की लेंड्यांमध्ये ते चकचकीत तपकिरी बी पसरलेलं दिसतं. विचारून वेचून घ्या, पोटात जाऊन आल्यामुळं कवच आधीच मऊ झालेलं असतं.

बेहड्याचा गर काढून बी दोन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलायचं, तरी पण कुठलं पंधरा दिवसात येईल कुठलं दोन महिन्यांनी, पिशवी फेकू नका. आवळ्याची फळं उन्हात वाळवा, आतली कोय आपोआप तडकते आणि बारीक बिया बाहेर पडतात. भोकर चिकट असतं, राखेत चोळून मग धुवा. जांभूळ, कडुनिंब, आवळा, बोर यांच्या बिया पाण्यात टाकून बघायच्या, तरंगल्या त्या पोकळ, काढून टाकायच्या.

आता उंबर, वड, पिंपळ. लोक म्हणतात यांचं बी लागतच नाही, पाखराच्या पोटातनंच जायला लागतं. पाखराच्या पोटातनं गेलं तर चांगलंच, पण हातानंही येतं. पिकून मऊ झालेली उंबरं घ्या, फोडल्यावर आत बारीक किडे दिसतील, नाक मुरडू नका, त्या चिलटाएवढ्या माश्यांनीच आतल्या फुलांचं परागीभवन केलेलं असतं, त्या आल्या नसत्या तर बी पोकळच राहिलं असतं. फळं बादलीत कुस्करा, पाणी ओता, वरचं तरंगणारं सगळं ओतून द्या, तळाला खसखशीपेक्षाही बारीक दाणे राहतात ते चहाच्या गाळणीत धरा. पसरट ट्रेमध्ये विटांचा चुरा आणि चाळलेलं पालापाचोळ्याचं खत अर्धं अर्धं घ्या, ट्रेला खाली भोकं पाडा. बी बारीक वाळूत मिसळून वरनं भुरभुरायचं, मातीनं झाकायचं नाही, याला उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालनं पाणी चढतं. वर पारदर्शक प्लास्टिक, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. दोन-चार आठवड्यात हिरवी शेवाळ धरल्यासारखं दिसायला लागतं, नीट बघितलं तर दोन दोन पानांची रोपं असतात. चार पानं झाली की काडीनं उचलून पिशवीत. एवढा खटाटोप नको असेल तर पावसाळ्यात जुन्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर उगवलेली रोपं ओल असताना अलगद काढून लावा.

पिशवी सहा बाय नऊ इंचाची घ्या, दुधाच्या पिशव्या धुवून पण चालतात, खाली भोकं मात्र भरपूर पाडा. माती दोन भाग, वाळू एक, चांगलं कुजलेलं शेणखत एक. कच्चं शेण घातलं की हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात, मूठभर निंबोळी पेंड मिसळा. बी जेवढं जाड तेवढंच खोल पेरायचं. अर्धी सावली पुरते, पण लावायच्या आधी महिनाभर रोपांना हळूहळू उन्हात आणा आणि पाणी कमी करा, लाडात वाढलेलं रोप माळावर टिकत नाही. पिशवीतनं मूळ खाली जमिनीत घुसत असेल तर दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला.

शक्यतो रोप एक वर्षाचं होऊ द्या, मग पुढच्या पावसात लावा. मृगाचा एक चांगला पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लगेच, उशीर केला तर मुळं धरायला दिवस कमी पडतात. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मुरमाड असेल तर मोठा, आणि तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा. पिशवी फाडल्यावर तळाला मुळांचं वेटोळं झालं असेल तर कात्रीनं कापा, नाहीतर ते झाड पुढं वादळात उपटून पडतं.

सीडबॉल, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून फेकणं, याबद्दल बरेच जण विचारतात. मला ते फारसं पटत नाही, उघड्या डोंगरावर फेकलेले गोळे वाळून कडक होतात, रुजलेलं कोवळं रोप पहिल्याच पावसाच्या उघडिपीत जातं. त्यापेक्षा टोकण करा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी, म्हणजे २०१६ पासून पुढं गावोगाव उतारावर पाणी अडवायला समतल चर खणले गेले, त्या चरांच्या भरावावर करंज, कडुनिंब, बोर, पळस, बाभूळ यांचं बी पहारीनं किंवा साध्या काठीनं भोक पाडून एका जागी दोन-तीन टाका. चरात टाकू नका, गाळ बसतो आणि बी कुजतं. इथं मूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जातं म्हणून अशी झाडं दुष्काळात तग धरतात, वर वाढायला मात्र वेळ घेतात.

लावल्यावरची पहिली दोन वर्षं शेळ्या आणि वणवा हे दोन धोके. भोवती बोरीच्या, बाभळीच्या काट्या रोवा, तारेपेक्षा स्वस्त आणि भक्कम. शेळ्या चारणाऱ्या लोकांना आधी विश्वासात घ्या, कुठल्या बाजूला झाडं लावलीत ते सांगा, मग तेच राखण करतात. आळ्यात उसाचं पाचट किंवा पाला अंथरला की ओल टिकते, पण गवत वाळायला लागलं की दिवाळीनंतर ते पाचट काढून मातीत दाबा, कारण साताऱ्याच्या डोंगरांवर फेब्रुवारीपासून वणवे लागतात आणि कोरडं पाचट पेटायला ठिणगी पुरते. रोपांच्या पट्ट्याभोवती आठ-दहा फूट रुंद गवत काढून जाळपट्टा ठेवा. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा पाणी, दुसरा पंधरा दिवसाला, आणि तिसऱ्या वर्षी पाणी बंद करा.